आरटीआयचा कागद हातात आला, आता ग्रुपवर टाकायचा की नाही?

नागपुरात आरटीआय म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकणारे काही कमी नाहीत, पण कागद मिळाल्यावर बऱ्याच जणांचं गाडं एकाच जागी अडकतं. झोन ऑफिसमधून रस्त्याच्या कामाची वर्क ऑर्डर मिळाली, बिलाची कॉपी मिळाली, मोबाईलवर फोटोही काढून झाला, आणि मग पाठवायच्या वेळी शंका यायला लागतात की ठेकेदार मानहानीची केस टाकेल का, सायबरवाले बोलावतील का, मी ग्रुप ॲडमिन आहे तर मीच अडकेन का. आणि दुसऱ्या बाजूला असेही लोक आहेत जे एकही कागद न पाहता दिवसभर लिहून राहिले की "सगळे पैसे खाल्ले यांनी", त्यांना मात्र कसलीच भीती वाटत नाही. माझ्या मते कायद्यात हे सगळं जवळपास उलटं आहे. ज्याच्याकडे सरकारी कागद आहे त्याची बाजू सगळ्यात मजबूत असते, आणि कागद मागण्याचा हक्क व बोलण्याचा हक्क हे घटनेत एकाच ओळीतून निघालेत. ते कसं, आणि नागपुरात बसून त्याचा वापर कसा करायचा, ते नीट सांगायचा प्रयत्न करतो.

घटनेचा अनुच्छेद १९(१)(क) काढून पाहा. तिथे एवढंच आहे की सर्व नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य असेल. माहितीचा अधिकार, सरकारी फाईल, असलं काही तिथे लिहिलेलं नाही. मग तो आला कुठून? तर कोर्टाच्या निकालांतून, हळूहळू. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राज नारायण ही केस आली होती, इंदिरा गांधींच्या निवडणुकीवरच्या वादातून निघालेली. पंतप्रधानांच्या प्रवासातल्या सुरक्षेबद्दलच्या सूचनांची एक पुस्तिका होती, ब्लू बुक म्हणत तिला, ती कोर्टात दाखवायला सरकार तयार नव्हतं. त्या निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी जे म्हटलं त्याचा मतितार्थ असा की सरकारी माणसं सार्वजनिकरीत्या जे काही करतात ते सगळं जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे, आणि तो हक्क भाषणस्वातंत्र्यातूनच येतो. तो हक्क पूर्ण मोकळा नाही हेही त्यांनी सांगितलं, पण रोजच्या कारभारावर गुप्ततेचा पडदा टाकणं लोकांच्या हिताचं नाही हे स्पष्ट म्हटलं. आरटीआय कायदा यायच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

नंतर २००२ मध्ये उमेदवारांच्या शपथपत्रांचा निकाल आला. आज निवडणुकीला उभा असलेल्या माणसावर किती गुन्हे आहेत, प्रॉपर्टी किती आहे, शिक्षण किती झालंय हे आपण ऑनलाईन पाहतो, ते त्या निकालामुळे, आणि तिथेही आधार १९(१)(क) हाच. आणि अगदी अलीकडे १५ फेब्रुवारी २०२४ ला इलेक्टोरल बॉण्डची योजना रद्द झाली, पाच न्यायमूर्तींनी एकमताने केली. त्या बेंचवर आपले भूषण गवईसाहेबही होते, अमरावतीचे, ज्यांनी नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केली आणि पुढे सरन्यायाधीश झाले. तिथेही मुद्दा हाच होता की कुठल्या पक्षाला कोणी पैसे दिले हे मतदाराला कळत नसेल तर तो मत कशाच्या आधारावर देणार. यातलं सूत्र साधं आहे, माहितीच नसेल तर माणूस बोलणार काय? म्हणून ऐकायचा, पाहायचा, कागद मागायचा हक्क हा बोलण्याच्या हक्काचाच भाग धरला गेला.

आता याला लगाम कुठे आहे तेही पाहू. १९(२) मध्ये कारणं मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी, आणि गुन्ह्याला चिथावणी. बस्स. यातलं "वाजवी" निर्बंध हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आलं, अखंडतेचा मुद्दा १९६३ मध्ये. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जणांच्या बेंचने सांगून टाकलं की ही यादी पूर्ण आहे, त्यात आपल्या मनाने आणखी कारणं घालता येत नाहीत. त्यामुळे "सरकारची बदनामी होते", "शहराचं नाव खराब होतं", "साहेबांना वाईट वाटलं" ही कारणं त्या यादीत कुठेच नाहीत हे लक्षात ठेवा.

आधी कागद कसा मागायचा

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधी होता, २००२ चा, आणि त्यासाठी अण्णा हजारेंपासून किती तरी लोकांनी आंदोलनं केली. अर्ज मराठीत करता येतो, "मराठीत नको, इंग्रजीत आणा" असं कोणी म्हणू शकत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, बीपीएल कार्ड असेल तर तेही नाही. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये स्पष्ट लिहिलंय. आणि अर्ज माणसाच्या नावाने करा, सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर नको, कारण हा हक्क नागरिकाचा आहे आणि तेवढ्यावरून अर्ज परत पाठवणारे भेटतात.

राज्याची ऑफिसं म्हणजे मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, महावितरण, तुकडोजी महाराज विद्यापीठ, यांना महाराष्ट्राचे नियम. तिथे अट अशी की एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. वेकोलि (कोळसा खाणींची कंपनी), रेल्वे, नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), व्हीएनआयटी (इंजिनिअरिंग कॉलेज) ही केंद्राची, तिथे फीसाठी पोस्टल ऑर्डर चालते, शब्दांची मर्यादा ५०० आहे आणि दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे जातं. राज्याचं दुसरं अपील मात्र आपल्याकडेच, राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ आहे. चुकीच्या ऑफिसात अर्ज पडला तरी घाबरायचं नाही, त्यांनी तो पाच दिवसांत बरोबर ऑफिसला पाठवायचा असतो, कलम ६(३).

खरी मेख प्रश्न लिहिण्यात आहे आणि इथेच बहुतेक अर्ज वाया जातात. उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउटमध्ये घराघरांत घुसलं, मोर भवनच्या बसेस पाण्यात उभ्या होत्या. त्यानंतर कोणी अर्ज केला की "नदीची सफाई का केली नाही, जबाबदार कोण, त्यांच्यावर कारवाई कधी करणार?" तर याचं उत्तर येतं, "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही". चीड येते, पण कायद्याने ते उत्तर बरोबर आहे! कायदा रेकॉर्डवर असलेली माहिती देतो. रेकॉर्डवर नसलेलं मत, कारण, स्पष्टीकरण तयार करून द्यायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ च्या सीबीएसईच्या केसमध्ये सांगितलंय. (त्याच निकालाने पोरांना स्वतःची उत्तरपत्रिका पाहायचा हक्क मिळाला, विद्यापीठाच्या निकालावरून डोकं धरून बसलेल्या प्रत्येक पोराला हे माहीत पाहिजे.)

मग तोच प्रश्न कागदात बदलायचा. अमुक आर्थिक वर्षात अमुक पुलापासून अमुक पुलापर्यंत नदी किंवा नाला सफाईच्या कामाचं मंजूर एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबीची संबंधित पानं, दिलेली बिलं, आणि काम तपासल्याचे रिपोर्ट, यांच्या साक्षांकित प्रती द्या. "का" विचारायची गरजच राहत नाही, एमबीमध्ये किती गाळ काढला लिहिलंय आणि बिल किती गाळाचं निघालं ते समोरासमोर ठेवलं की कारण आपोआप दिसतं. एमबी मागायला विसरू नका, मी तर म्हणेन एकच कागद मागायचा असेल तर एमबी मागा. सिमेंट रोडचंही तसंच, एस्टिमेट आणि एमबी बाजूबाजूला ठेवून जाडी पाहा, लांबी पाहा, आणि दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर किती वर्षं आहे ते वर्क ऑर्डरमध्ये पाहा.

आणखी एक गोष्ट जी फार कमी लोक वापरतात. कलम २(ञ) मध्ये माहितीच्या अधिकारात कामाची पाहणी करणं आणि मटेरियलचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. म्हणजे चालू असलेल्या रस्त्याचा, पाईपचा, गिट्टीचा नमुना मागता येतो. आणि फाईल मोठी असेल तर आधी पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो, मग हवी तीच पानं निवडून दोन रुपये पान दराने घ्या, नाहीतर पत्र येतं की पाचशे पानांचे इतके पैसे भरा आणि माणूस तिथेच गार पडतो. महाराष्ट्र शासनाचा २०१८ चा एक जीआरही आहे, जिल्हास्तरावरच्या ऑफिसांत आणि महापालिकांसारख्या संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड पाहू द्यायचं. तो जीआर सोबत ठेवा, काउंटरवर दाखवा, कारण तिथल्या माणसालाही तो माहीत असेलच असं नाही.

अर्ज हाताने दिला तर पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पाहिजेच. ३० दिवस तिथून मोजायचे. जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित बाब असेल तर ४८ तास. मुदत टळून गेली तर नंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६), हे पत्रात लिहून मागा.

नकार येतो तेव्हा

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच ऑफिसच्या वरच्या साहेबाकडे, राज्याच्या ऑफिसात वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं अपील. लोक रागाच्या भरात अपील सोडून थेट कलम १८ ची तक्रार टाकतात, तसं करू नका. तक्रारीत आयोग दंड लावू शकतो पण माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच हे ठरवलंय. माहिती पाहिजे तर कलम १९ चं अपीलच. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० आणि तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. आयोगात तारीख लागायला महिनोन्महिने जातात हे खरं आहे आणि ते मला अजिबात मान्य नाही, एवढ्या वेळात रस्ता उखडून दुसरा होतो. पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच बरीच प्रकरणं सुटतात, म्हणून तिथे स्वतः जा, शांतपणे मुद्दा मांडा.

"फाईल सापडत नाही" हे उत्तर आलं तर ते नकाराचं कारणच नाही. नकाराची कारणं कलम ८ मध्ये दिलीत, त्या यादीत "हरवली" असं कुठेही नाही, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा वेगळा कायदा आहे, रेकॉर्ड नियम सोडून नष्ट करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. अपिलात एवढंच लिहा की हरवल्याची जबाबदारी निश्चित करून त्याची प्रत द्या.

नकाराचं सगळ्यात लाडकं कारण म्हणजे वैयक्तिक माहिती, पत्रात कलम ८(१)(ञ) असं लिहिलेलं असतं. याच्यावर जरा थांबावं लागेल कारण इथे नियमच बदललाय. आधी हे कलम असं होतं की जी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा जिच्यामुळे कोणाच्या खासगीपणात विनाकारण घुसखोरी होते, तीच नाकारता येईल, आणि मोठं जनहित असेल तर तीही द्यावी लागेल. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने विदर्भातल्याच एका प्रकरणात, अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी ऑफिसातल्या एका अधिकाऱ्याबद्दल मागितलेल्या माहितीवर, निकाल दिला की कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, नोटिसा, त्याची मालमत्ता, आयकर रिटर्न ही वैयक्तिक माहिती आहे, मोठं जनहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही. त्यानंतर हा निकाल ऑफिसाऑफिसांत नकारासाठी वापरला जाऊ लागला, जिथे लागू होत नाही तिथेही.

आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) मधल्या त्या अटीच काढून टाकल्या, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आता तिथे फक्त "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती" एवढंच उरलंय. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे फार चांगलं वाक्य तिथे होतं, तेही गेलं. मला हे स्पष्ट चुकीचं वाटतं. एमबीवर इंजिनिअरची सही असते, बिलावर ठेकेदाराचं नाव असतं, घरकुलाच्या यादीत लाभार्थ्याचं नाव असतं, आता कोणी म्हणेल हे सगळं वैयक्तिक, तर मग उरलं काय?

तरी हात टेकायचं कारण नाही, दोन-तीन दारं उघडी आहेत. एक, कलम ८(२) जसंच्या तसं शिल्लक आहे, माहिती देण्यातलं जनहित हे नुकसानापेक्षा जड असेल तर सूट असूनही माहिती देता येते. त्यामुळे कारण सांगायची सक्ती नसली तरी आता अर्जातच एक वाक्य टाकून द्या, की हे काम सार्वजनिक पैशातून झालेलं आहे, रस्ता सगळे वापरतात, सबब कलम ८(२) नुसार जनहितात माहिती द्यावी. दुसरं, कलम १० नुसार एका पानात चार ओळी देण्यासारख्या नसतील तर तेवढ्याच झाकून बाकीचं पान द्यावं लागतं, पूर्ण फाईल अडवता येत नाही. आणि कलम ४ नुसार अधिकाऱ्यांचे पगार, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, लाभार्थी कोण, हे ऑफिसने कोणी न मागता स्वतःच जाहीर करायचं असतं. जे जाहीर करणं कायद्यानेच सांगितलंय ते वैयक्तिक म्हणून कसं नाकारता, हा मुद्दा अपिलात जरूर मांडा.

कागद मिळाला, आता बोलायचं

इथे सगळ्यात कामाचा निकाल आहे १९९४ चा, राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू. ऑटो शंकर नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी, त्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं, त्यात काही अधिकाऱ्यांशी असलेले संबंध होते, आणि नक्कीरन नावाच्या तमिळ मासिकाला ते छापायचं होतं. अधिकारी म्हणाले छापू नका. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की छापायच्या आधी अडवता येणार नाही. त्याच निकालात खासगीपणाबद्दल एक नियम घालून दिला, की एखादी गोष्ट सार्वजनिक रेकॉर्डवर आली, कोर्टाच्या रेकॉर्डसकट, की तिच्यावर लिहायला, टीका करायला हरकत घेता येत नाही. अपवाद ठेवला तो लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडितांचा, त्यांची ओळख उघड करायची नाही. पुढे असंही म्हटलं की सरकारी अधिकाऱ्याच्या कामाबद्दल लिहिलेलं असेल तर तो नुकसानभरपाईचा दावा सहजासहजी जिंकू शकत नाही, लिहिणाऱ्याने खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही हे त्याला दाखवावं लागतं, लिहिणाऱ्याने वाजवी शहानिशा केली असेल तर तेवढं पुरतं. आणि सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या अब्रूसाठी भरपाईचा दावा लावू शकत नाही. म्हणजे महानगरपालिकेच्या कारभारावर टीका केली म्हणून महानगरपालिका अब्रुनुकसानीची भरपाई मागू शकत नाही!

पण ठेकेदार खासगी माणूस आहे, आणि फौजदारी मानहानी अजून कायद्यात आहे, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती घटनाबाह्य नाही असं ठरवलं. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. तिच्यात बचावही तिथेच दिलेत, त्यातले दोन लक्षात ठेवायचे: खरी गोष्ट जनहितासाठी सांगणं, आणि सरकारी माणसाच्या कामावर चांगल्या भावनेने मत देणं. इथे तुमचा कागद कामी येतो. आणि हा गुन्हा अदखलपात्र आहे, नुसत्या मानहानीसाठी पोलीस सरळ एफआयआर करून उचलून नेऊ शकत नाहीत, ज्याची अब्रू गेली त्याला मॅजिस्ट्रेटकडे तक्रार लावावी लागते. "पोलिसात देतो" ही धमकी ऐकली की हे आठवा.

मग लिहायचं कसं? "एमबी पान अमुक वर गाळ इतका, बिलात इतका, फरक इतका, कागद सोबत जोडलाय, मनपाने खुलासा करावा" असं लिहिलं तर तुम्ही रेकॉर्ड सांगताय. "अमक्याने तमक्याला पाच टक्के दिले" असं लिहिलं तर तुम्हाला ते सिद्ध करावं लागेल, आणि कमिशनची पावती कोणत्याही फाईलमध्ये नसते. कागदात आहे तेवढं ठाम सांगा, त्यापुढचं आपलं मत आहे असं म्हणून सांगा. फोटो टाकताना लोकांचे मोबाईल नंबर, आधार, घरचा पत्ता, आजारपण, बँक खातं झाका, लाभार्थी गरीब बाई असेल तर तिचं नावही झाका, आपला राग तिच्यावर नाही. डेटा कायद्याच्या बाकीच्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होताहेत आणि त्यात पत्रकारांसाठी वेगळी सूट ठेवलेली नाही, म्हणून ही सवय आत्ताच लावलेली बरी.

ग्रुप ॲडमिनच्या भीतीचं उत्तर तर आपल्या नागपूर खंडपीठानेच दिलंय. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका मेंबरने महिला मेंबरबद्दल घाण लिहिलं, ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही केस झाली. मार्च २०२१ च्या निकालात खंडपीठाने ॲडमिनवरची केस रद्द केली. ॲडमिनचं काम माणूस घेणं आणि काढणं एवढंच, दुसऱ्याच्या पोस्टला तो जबाबदार नाही, दोघांचा मिळून तसा बेत होता हे दाखवलं तरच गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये याच खंडपीठाने वर्ध्याच्या प्रकरणात सांगितलं की पोलीस स्टेशन हे ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टमधलं "निषिद्ध ठिकाण" नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून हेरगिरीचा तो कायदा लावता येत नाही. आणि तो १९२३ चा इंग्रजांचा कायदा आरटीआयच्या आड येऊ शकत नाही, आरटीआयच्या कलम २२ नेच त्याच्यावर मात केलेली आहे.

ऑफिसाऑफिसांत बोर्ड असतो, सरकारी कामात अडथळा, कलम ३५३, अमुक वर्षं शिक्षा. ते जुन्या आयपीसीचं म्हणजे दंड संहितेचं कलम, आता न्याय संहितेत ते १३२ झालंय, आणि त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, पोच मागणं म्हणजे हल्ला नव्हे. गंमत नाही, खरंच लक्षात ठेवा, की नव्या संहितेत ३५३ नंबर अफवा आणि खोट्या माहितीच्या गुन्ह्याला गेलाय. त्यामुळे कोणी "३५३ लावू" म्हणालं तर कुठला, ते आधी विचारा. आवाज चढवू नका, टेबलावर हात आपटू नका, ज्या ऑफिसात तुम्हाला पुन्हा पुन्हा जायचंय तिथे हे आपल्याच फायद्याचं आहे.

आणि नुसती पोस्ट कडक आहे म्हणून? त्यासाठी आयटी ॲक्टचं ६६अ होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने नुसतं लाईक केलं होतं. त्यावरूनच कोर्टबाजी सुरू झाली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ६६अ पूर्ण रद्द केलं. त्या निकालात चर्चा करणं, एखाद्या मताचा प्रचार करणं आणि चिथावणी देणं असे तीन टप्पे सांगितले, पहिले दोन कितीही झोंबणारे असले तरी चालतात, कायदा फक्त तिसऱ्या टप्प्यावर येतो. "या ठेकेदाराला काळ्या यादीत टाका" हे पहिल्या दोनातलं. "उद्या याच्या घरावर चला, फोडू" हे तिसऱ्यातलं, आणि तिथे कुठलाही कागद तुम्हाला वाचवणार नाही.

एवढं सांभाळूनही पोलीस स्टेशनमधून फोन आला तर? सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी लेखी नोटीस द्यायची पद्धत आहे, नव्या कायद्यात बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३), जुन्या सीआरपीसीचं ४१अ. ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय, हातात द्यावी लागते. नोटिशीप्रमाणे हजर झालात तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांमधली असेल तर एफआयआरच्या आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करा, असंही मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरच्या केसमध्ये कोर्टाने पोलिसांना सांगितलं. जाताना आरटीआयचा मूळ अर्ज, पोचेची प्रत, मिळालेल्या साक्षांकित प्रती आणि पोस्टचा स्क्रीनशॉट असा संच करून घेऊन जा, एक वकिलाकडे ठेवा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्न किती आहे हे न पाहता तिथून फुकट वकील मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाची अट आहे, अर्ज साध्या कागदावरही चालतो.